कोपरा सापडेपर्यंत

अंबादासमामांच्या लेखी कागद स्त्रीलिंगी होता. प्रिंटर थांबला की जिन्याच्या तोंडाशी ठेवलेल्या स्टुलावरून ते उठत आणि विचारत, "कुठं अडकली?"

आमच्या कार्यालयातल्या सुरेखाताई मराठी घेऊन एम.ए. झालेल्या. त्यांनी सुरुवातीला मामांना दुरुस्त करायचा प्रयत्न केला. "मामा, कागद तो. तो अडकला."

मामा मशीनचं झाकण उघडत होते. मान वर न करता म्हणाले, "ताई, अडकताना ती बाई का बाप्या बघत नाही."

व्याकरणाचा विषय तिथं संपला. पुढं पुढं आम्हीच दारातून हाक मारू लागलो, "मामा, अडकली!" आणि त्यात कुणाला काही चुकल्यासारखं वाटेनासं झालं.

सोलापुरातल्या एका शिक्षणसंस्थेच्या मध्यवर्ती कार्यालयात मामा शिपाई होते. मी दैनिकातली नोकरी सोडून संस्थेचं वार्तापत्र काढायला तिथं गेलो तेव्हा ते चांगले मुरलेले होते. घर पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत. घरची भाषा तेलुगू, शाळाही सातवीपर्यंत तेलुगूच. वडिलांचा हातमाग, मग मामांचे स्वतःचे दोन यंत्रमाग, मग तेही विकले आणि चाळिशीत ही नोकरी. एवढं मला माहीत होतं. याहून जास्त त्यांनी सांगितलं नाही. मला ते शेवटपर्यंत "पेपरवाले साहेब" म्हणत. वार्तापत्र चार पानांचं आणि महिन्यातून एकदाच निघतं, हे मी त्यांना समजावलं होतं. "पेपर ते पेपर," असं त्यांचं म्हणणं.

आवाज मोठा. जन्मभर मागाच्या खडखडाटात बोलल्यामुळं खालच्या पट्टीत बोलायची सवय राहिली नव्हती. उजवा कान जवळपास गेलेला. त्यामुळं प्रिंटरचा आवाज ते हातानं ऐकत. छपाई चालू असताना तळवा झाकणावर ठेवून उभे राहत, डोळे भिंतीवरच्या कॅलेंडरवर. मध्येच "आगंडी" म्हणून बटण दाबत. तेलुगूत त्याचा अर्थ, थांबा. पुढचा कागद अर्धवट आत गेलेला असायचा. मशीनला अजून कळलेलं नसे, लाल दिवा लागलेला नसे, आणि मामांना कळलेलं असे.

मशीन मोठं होतं, भाड्यानं घेतलेलं. प्रिंट, झेरॉक्स, स्कॅन, सगळं त्यात. जिन्याशेजारच्या खोलीत ते एकटंच असे, म्हणून त्या खोलीला मशीनची खोली म्हणत. बिघाड झाला की कंपनीचा इंजिनिअर यायचा. तो यायला दोन दिवस लागायचे आणि तो आल्यावर मशीन हमखास नीट चालायचं. मामांनी शेजारी उभं राहून त्याच्याकडून सगळे दरवाजे, कप्पे, रूळ समजून घेतले. नावं मात्र आपली ठेवली. ट्रेमधून कागद उचलणारा रूळ म्हणजे "घेणारा". एका वेळी एकच कागद जावा म्हणून खाली बसवलेली पट्टी ती "सोडवणारी". कागद पालथा करून पुन्हा आत पाठवणारा तो "उलटवणारा". शेवटी शाई तापवून पक्की करणारा भाग म्हणजे "इस्त्री". ही नावं इतकी रूढ झाली, की इंजिनिअरही फोनवर विचारू लागला, "मामा, इस्त्रीच्या आधी अडकतोय का नंतर?"

त्यांचे काही नियम होते. कागदाचा नवा गठ्ठा आणला की तो एक दिवस खोलीत नुसता ठेवायचा. "पाहुणा आहे. आल्या आल्या कामाला लावू नका." ट्रेमध्ये घालण्याआधी तो दोन्ही हातांनी वाकवून, कडा अंगठ्यानं सोडत फुलवायचा, सगळ्या बाजूंनी. ट्रेमध्ये रेघेच्या वर कागद भरायचा नाही. "पोटभर म्हणजे नरड्यापर्यंत नव्हे." दोन्ही बाजूंच्या पट्ट्या कागदाला टेकलेल्या हव्यात, दाबलेल्या नकोत. आणि अडकलेला कागद ज्या दिशेनं चालला होता त्याच दिशेनं, दोन्ही हातांनी, सावकाश काढायचा. उलटा ओढायचा नाही. यासाठी त्यांचा एक शब्द होता, मेल्लगा. हळूच. मामा तो म्हणत तेव्हा त्यांचाही आवाज उतरायचा. एरवी तो कधीच उतरत नसे.

अधीक्षक इनामदार साहेब आणि मामा यांच्यात एकदाच वाजलं, ते कूलरवरून. एप्रिलचा महिना होता. रोज सकाळी मशीन सुरळीत चाले आणि अकरा वाजून गेले की दर दहा-पंधरा कागदांना अडके. इंजिनिअरनं घेणारा रूळ बदलला. फरक पडला नाही. पुन्हा येऊन सोडवणारी पट्टी बदलली. तरी नाही. मामांनी दोन दिवस काही केलं नाही, नुसतं स्टूल उचलून मशीनच्या खोलीत नेलं आणि तिथं बसून राहिले. तिसऱ्या दिवशी ते इनामदार साहेबांच्या टेबलापाशी गेले.

"साहेब, कूलर फिरवावा लागते."

"का?"

"तुमच्या अंगावरून जाऊन वारा सरळ मशीनच्या खोलीत जाते. पाण्याचा वारा आहे. कागद फुगायला लागली."

कूलर अकराला लावला जायचा. साहेबांचं टेबल खिडकी आणि मशीनच्या खोलीचं दार यांच्या बरोबर मध्ये होतं. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे कागदाला वारा लागू नये म्हणून मी घामाघूम व्हायचं?"

"तुमी पुसून घेता, साहेब. कागदाला रुमाल नाही."

हे मोठ्या आवाजात झालं, कारण मामांना दुसरा आवाज नव्हता. सगळ्या कार्यालयानं ऐकलं. साहेब आठवडाभर मामांशी बोलले नाहीत. कूलर मात्र फिरला आणि जूनपर्यंत इंजिनिअर आला नाही.

इनामदार साहेब वाईट माणूस नव्हते, हे इथंच सांगितलेलं बरं. जुळे सोलापूर या वसाहतीत राहत, रोज पूजा आटोपून कपाळाला गंध लावून येत, नियमानं वागत आणि इतरांनीही तसं वागावं असं मानत. कागदावर आलं की ते खरं आणि न आलेलं संशयास्पद, अशी त्यांची नोकरीतली धारणा होती. या बाबतीत ते आणि मामा फार वेगळे नव्हते.

कारण मामाही कागदालाच विचारत. अडकलेला कागद ते फेकू देत नसत. तो मांडीवर सरळ करत आणि वाचत, म्हणजे मजकूर नव्हे, चुण्या. पुढची कड पंख्यासारखी घडी घालून आली असेल तर पुढं काहीतरी आडवं आहे. कागद तिरका आला असेल तर ट्रेची पट्टी ढिली, नाहीतर रुळाची एक बाजू झिजलेली. शाई बोटाला लागत असेल तर इस्त्रीपर्यंत पोचलाच नाही. दोन कागद एकमेकांना चिकटून आले असतील तर दमट, नाहीतर फुलवला नाही. प्रत्येक वेळी कुणीतरी सांगायचं, "मामा, मी काही केलं नाही हो, आपोआप अडकला." मामा हात हलवून त्याला गप्प करत. "तुमाला नाही विचारलं. हिला विचारू द्या की. कागद खोटं बोलत नाही."

वाचून झालं की नोंद. शाळेचं एक जुनं हजेरीपत्रक त्यांनी यासाठी घेतलं होतं. विद्यार्थ्यांच्या नावांच्या जागी मामांचे रकाने: वार, वेळ, कुठं अडकली, कारण. अक्षरं मराठी, पण वळण तेलुगू, सगळी गोलगोल, डोक्यावरची रेघ कुठं आहे कुठं नाही. कारणाच्या रकान्यात "पिन होती", "कोपरा मुडपलेली", "घाई केले" अशा नोंदी. कारण सापडलं नाही तर रकाना रिकामा ठेवत. अंदाजानं भरत नसत. मी बातमीदारीत बरीच वर्षं काढली. इतकी कोरडी आणि भरवशाची नोंदवही माझ्या पाहण्यात दुसरी आली नाही.

पण ज्या सवयीमुळं मामा मला आज आठवतात ती वेगळी. कागद फाटून निघाला, की मामा त्याचे सगळे तुकडे टेबलावर मांडत, एकाला एक जुळवून पूर्ण पान करत आणि तळव्यानं दाबून बघत. नखाएवढा कोपरा कमी असला तरी मशीन चालू करू देत नसत. कितीही घाई असो.

"मामा, एवढ्याशा तुकड्यानं काय होतंय?"

"मागावर धागा तुटला तर दोन्ही टोकं हातात येईपर्यंत माग चालू करत नाही. एक टोक आत राहिलं तर पुढं गजभर कापड जाते." मग पुन्हा वाकून टॉर्च लावत. "कोपरा सापडेपर्यंत बसा."

आणि आम्ही बसत असू. पगारपत्रकं थांबत, परिपत्रकं थांबत. कुणीतरी चहा सांगे. सुरेखाताई डब्यातल्या शेंगाचटणीची पुडी फिरवत. अखेरीस मशीनच्या पोटातून चिमट्यात धरलेला एक चिटोरा बाहेर येई, मामा तो पानाच्या उरलेल्या जागी ठेवत, आणि मगच बटण दाबत.

खंडेनवमीची गोष्ट याच खोलीतली.

पूर्व भागात खंडेनवमीला माग थांबतात. मागाची पूजा होते आणि दसरा होईपर्यंत हत्याराला हात लावत नाहीत. मामांनी ही रीत कार्यालयात आणली होती. सकाळी ते मशीन पुसत, झेंडूची माळ घालत, खालच्या टेबलाच्या पायाशी हळदकुंकू वाहत. अक्षतासुद्धा टेबलाच्या पायाशीच. मशीनच्या अंगावर फुलं फक्त माळेची. "अंगावर काय टाकायचं नाही. पायाशी ठेवलं तरी तिला पोचते," असं ते दरवर्षी बजावत.

त्या वर्षी इनामदार साहेब पूजेला आले. भक्तिभावानं आले. त्यांनी मंत्र म्हटले, मूठभर अक्षता उचलल्या, कुंकवात भिजवलेल्या, लालभडक, आणि त्या मशीनवर वाहिल्या. मशीनच्या बाजूचा लहान ट्रे उघडा होता. मामा "साहेब, पायाशी" असं म्हणेपर्यंत अक्षता पडल्या होत्या. मामांनी ओलं फडकं आणून दिसत होते तेवढे दाणे टिपले. साहेबांना ते फारसं आवडलं नाही. पूजेनंतर लगेच पुसणं बरं दिसत नाही, असं ते म्हणाले.

बारा वाजता निरोप आला. सहामाही परीक्षेची तारीख अलीकडं आणली होती. बारावीच्या एका विषयाची प्रश्नपत्रिका सुट्टी लागण्याआधी छापून, मोजून, सीलबंद करून कपाटात जायला हवी होती. मशीनला आज विश्रांती असते, हे मामांनी सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, "देवाला कळतं, मामा. परीक्षा आपल्या हातात नाही."

परीक्षेचं काम बघणारे लिपिक रजेवर तुळजापूरला गेले होते. साहेबांनी काम सुरेखाताईंना दिलं. सुरेखाताईंची मुलगी संस्थेच्याच कनिष्ठ महाविद्यालयात बारावीला होती. ज्याचं मूल परीक्षेला बसलं आहे त्यानं ती प्रश्नपत्रिका हाताळायची नाही, असा नियम आहे. ताईंनी तो साहेबांना सांगितला. "दोन तासांचं काम आहे, दुसरं कोण आहे?" असं उत्तर मिळालं. तोंडी. ताई हंगामी नोकरीत होत्या. पती वारल्यावर लागलेल्या. दिवाळीनंतर कायम होण्याचा त्यांचा प्रस्ताव साहेबांच्याच टेबलावर होता.

एक पान, दोन्ही बाजूंनी छापलेलं, एकशे वीस प्रती. मामा प्रसादाचं ताट घेऊन खालच्या मजल्यावर गेले होते. नव्वदच्या पुढं कुठंतरी कागद अडकला. ताई एकट्या होत्या, गोपनीय काम होतं, दार लावलेलं. त्या घाबरल्या आणि त्यांनी तो उलटा ओढला. फाटला. आतले दिसत होते ते तुकडे काढून त्यांनी मशीन पुन्हा चालू केलं. पुन्हा अडकलं. तेव्हा दार उघडून त्यांनी हाक मारली. त्या दिवशी त्यांच्या तोंडून "अडकला" असं शुद्ध मराठी आलं, हे मला आठवतं. मी समोरच्याच टेबलावर होतो.

मामांनी येऊन आधी मशीन बंद केलं. तीन तुकडे टेबलावर मांडले. खालचा उजवा कोपरा नव्हता. तळहाताएवढा. शेवटच्या प्रश्नाचे दोन उपप्रश्न त्यावर होते.

मामांनी पुढचा दरवाजा उघडला, बाजूचा उघडला, इस्त्री बाहेर काढली. कोपरा नव्हता. तोवर इनामदार साहेब आले. त्यांनी प्रती मोजल्या, तुकडे पाहिले आणि विचारलं, "केराची टोपली?"

टोपली दुपारीच रिकामी झाली होती. केर गाडीत गेला होता.

साहेबांनी तुकडे टेबलावर ठेवले. मग म्हणाले, "सुरेखाबाई, तुम्ही खोलीत एकट्या होता. तुमची मुलगी परीक्षेला आहे. मला हे लेखी घ्यावं लागेल."

"साहेब, मी तुम्हाला आधी सांगितलं होतं."

"सांगितलं असेल. कागदावर नाही."

सुरेखाताई टेबलाकडं वळल्या. तीन तुकडे हातात घेऊन त्या ते पुन्हा पुन्हा जुळवत होत्या, जणू जुळवण्यात काही चूक झाली असेल. मेमो गेला तर कायम होण्याचा प्रस्ताव गेला, आणि प्रश्नपत्रिका फुटल्याचा संशय घेऊन असलेली नोकरीही गेली. खोलीत सगळ्यांना ते ठाऊक होतं.

"किती वाजता कपाट बंद करता, साहेब?" मामांनी विचारलं.

"पाच."

"मग पाचपर्यंत कुणाला काय लिहू नका. कोपरा सापडेपर्यंत."

अडीच वाजले होते.

मामांनी मशीनला हात लावला नाही. छापून झालेल्या शेवटच्या चांगल्या प्रती त्यांनी मागितल्या. गोपनीय म्हणून साहेब आधी देईनात. मामा म्हणाले, "मला मराठी वाचायला येते तेवढं तुमाला माहीत आहे. मी रिकामी जागा बघणार." साहेबांनी दिल्या. मामा एकेक पान घेऊन खिडकीत उभे राहिले आणि उन्हात धरून कडा बघत गेले.

चौथ्या की पाचव्या पानावर ते थांबले. मला बोलावलं. "पेपरवाले साहेब, तुमचे डोळे चांगले आहे. हे काय आहे?"

पानाच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढा लाल ठिपका होता. त्याच्या खाली काही अंतरावर दुसरा. मग तिसरा. अंतर सारखं. आमच्या मशीनला लाल शाई नव्हती. ते काळं-पांढरं होतं.

मामांनी ठिपक्याला बोट लावून वास घेतला. मग साहेबांकडं एकदा पाहिलं. साहेब तेव्हा प्रती पुन्हा मोजत होते.

खिशातून त्यांनी सुताचं रीळ काढलं. ते नेहमी त्यांच्याजवळ असे. दोन ठिपक्यांमधल्या अंतराएवढा दोरा तोडला. मग मशीन उघडून तो दोरा एकेका रुळाभोवती गुंडाळून बघू लागले. घेणाऱ्याला आखूड पडला. पुढच्या दोन रुळांना जास्त झाला. एक वेढा बरोबर बसेल तो रूळ त्यांना हवा होता, कारण रुळाला डाग असेल तर तो दर फेऱ्याला कागदावर एकदा उठणार. हे मला त्यांनी नंतर समजावलं. तेव्हा मी फक्त बघत होतो: एक साठीकडं झुकलेला माणूस गुडघ्यावर बसून, नाकाला टेकेल इतक्या जवळून, प्रिंटरच्या पोटात दोरा गुंडाळतो आहे, आणि त्याच्या मागं एक बाई भिंतीला टेकून उभी आहे.

दोरा बसला तो उलटवणाऱ्याला. तो रूळ मशीनच्या पाठीत, सगळ्यात खोल. तिथं पोचायला खालचे दोन्ही ट्रे पूर्ण काढावे लागले. मामा फरशीवर उताणे झोपले, टॉर्च दातांत धरला आणि चिमटा आत घातला. सुरेखाताई खाली बसल्या. मामा दातांतल्या दातांत काहीतरी म्हणत होते. मला वाटलं देवाचं नाव असेल. जवळ गेल्यावर ऐकू आलं, "मेल्लगा, मेल्लगा." ते स्वतःलाच सांगत होते.

पाचला वीस मिनिटं कमी असताना कोपरा बाहेर आला. रुळाला वेढा देऊन बसला होता, म्हणून वाकडा. मामांनी तो टेबलावर नेला, तळव्यानं सरळ केला आणि तीन तुकड्यांच्या शेजारी ठेवला. शेवटच्या प्रश्नाचे दोन्ही उपप्रश्न जागेवर आले. त्यांनी हात उचलला आणि साहेबांना जागा करून दिली.

साहेबांनी वाकून पाहिलं. मग चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. "ठीक आहे," ते म्हणाले. "कशामुळं झालं?"

कोपऱ्याबरोबर चिमट्यात आणखी एक वस्तू आली होती. ती मामांच्या डाव्या मुठीत होती. मी ती पाहिली होती, कारण मी त्यांच्या पायाशीच होतो. तांदळाचा एक लाल दाणा.

"दमट, साहेब," मामा म्हणाले. "दोन एकदम गेल्या."

सुरेखाताईंनी पदरानं तोंड पुसलं. पान चिकटपट्टीनं जोडून, मोजणीत धरून, पाकिटात गेलं. उरलेल्या प्रती मामांनी स्वतः काढल्या. पाचला कपाट बंद झालं.

जिन्यात मी मामांना गाठलं. दाणा त्यांनी कपाळाला लावला आणि सुताच्या रिळाबरोबर खिशात ठेवला.

"मामा, खरं का नाही सांगितलं?"

"काय करायचं सांगून? देवाचं नाव घेऊन टाकले होते. देवाला मेमो देता काय?"

"देवाला नाही. साहेबांना."

"साहेब आधी स्वतःला मेमो लिहितील, मग मशीनला माळ घालायचं बंद करतील." ते दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. "आणि ताईंचा कागद त्यांच्या टेबलावर आहे की."

दिवाळीनंतर सुरेखाताई कायम झाल्या. ठिपके साहेबांनी पाहिले होते का, हे मला आजही सांगता येणार नाही. चिकटपट्टी लावलेलं पान त्यांच्या हातातून गेलं होतं आणि ते बारकाईनं बघणारे होते. पुढच्या खंडेनवमीला ते पूजेला आले, अक्षता घेतल्या, आणि सगळ्यांच्या देखत गुडघे वाकवून टेबलाच्या पायाशी ठेवल्या. उठताना त्यांनी मामांच्या खांद्याचा आधार घेतला. 

मामा निवृत्त झाले तेव्हा हजेरीपत्रक सुरेखाताईंकडं दिलं. निरोपाचा मजकूर लिहायला म्हणून मी ते मागून घेतलं आणि त्या दिवसाची नोंद शोधली. वार, वेळ. कुठं अडकली: उलटवणारा. कारण: कागद दमट होती. इतर कुठल्याही नोंदीसारखीच, गोल अक्षरात. कारण ठाऊक नसलं की रकाना रिकामा सोडणाऱ्या माणसानं हा रकाना भरला होता. निरोपाच्या मजकुरात मी त्याचा उल्लेख केला नाही. मनात मात्र ते राहिलं. त्या वहीत तेवढी एकच नोंद खोटी होती, आणि ती मलाच माहीत होती.

गेल्या खंडेनवमीला मी त्यांच्या घरी गेलो. गल्लीत माग बंद होते, त्यामुळं पहिल्यांदाच तिथं हळू बोलता आलं. पुढच्या खोलीत मुलानं ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान टाकलं आहे. जिथं माग होता तिथं आता संगणक आणि एक लहान प्रिंटर. प्रिंटरला झेंडूची माळ होती आणि स्टुलाच्या पायाशी अक्षता. मामा भिंतीशी खुर्चीवर बसले होते. आता दोन्ही कान जवळपास गेले होते, डोळ्यांवर जाड चष्मा आला होता. मला त्यांनी आवाजावरून ओळखलं नाही. जवळ गेल्यावर ओळखलं. "पेपरवाले साहेब," ते म्हणाले. आवाज तेवढाच मोठा.

एका मुलीचा अर्ज आजच भरायचा होता म्हणून मुलानं पूजेनंतरही प्रिंटर चालू केला. अडकला. त्यानं ओढला, फाटला. मामांना ऐकू आलं नसणार, पण खुर्चीच्या दांडीवरचा त्यांचा हात उचलला गेला. त्यांनी तळवा पुढं केला. मुलानं निमूटपणे तुकडे त्यावर ठेवले.

ते मांडीवर पाट घेऊन जुळवू लागले. मी शेजारी बसलो. आता विचारलं नाही तर पुन्हा विचारता येणार नाही, असं वाटलं. मी कानाशी तोंड नेलं.

"मामा, वहीत एक नोंद तुम्ही खोटी लिहिलीत. खंडेनवमीची."

"कुठली?"

"'कागद दमट होती' म्हणून लिहिलंय."

त्यांनी दोन तुकडे एकमेकांना टेकवले आणि वरून अंगठा फिरवला.

"मग? दमटच होती की," ते म्हणाले. "अडीच वाजल्यापासून ताईंच्या हातात होती ती. त्या रडत होत्या. तुमी बघितलं नाही काय?"

मी बघितलं होतं. नोंदवलं नव्हतं.

मी निघालो तेव्हा मुलगा उंबऱ्यापर्यंत आला. मागं वळून पाहिलं तर मामा पाटावर वाकले होते. पान जवळपास पूर्ण झालं होतं. ते तळवा वर करून, कुणाकडंही न बघता, राहिलेला कोपरा मागत होते.